नवी मुंबईत चांगलं बान्ह मी शोधताय? आधी पाव शोधा

नेरुळला येऊन मला आठ महिने झाले, त्याआधी नाशिकला होते. मागे व्हिएतनामला होची मिन्ह शहरात गेले होते तेव्हा फुटपाथवरच्या गाडीवर बान्ह मी, म्हणजे तिथलं पावातलं सँडविच, खाल्लं आणि तेव्हापासून ती चव काही जात नाही. इथे आल्यावर वाशी, सीवूड्स, बेलापूर, खारघर सगळं फिरले, ट्रान्सहार्बर लोकल पकडून ठाण्यालाही जाऊन आले. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, रेस्टॉरंट शोधू नका, पाव शोधा. व्हिएतनामी भाषेत बान्ह मी म्हणजे मुळात पावच, सँडविचला ते नाव नंतर चिकटलं. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात तिथे त्यांचा लांब पाव, बगेट, नेला, आपल्याकडे पोर्तुगीजांनी पाव आणला तसाच. १९५४ ला देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेकडचे खूप लोक सायगावला, म्हणजे आजच्या होची मिन्हला, आले, त्यातल्याच एका जोडप्याने १९५८ मध्ये होआ मा नावाचं दुकान काढलं आणि प्लेटमध्ये वेगवेगळं मिळणारं मांस, पाते (कलेजीची मऊ पेस्ट), भाज्या सगळं पावात भरून हातात द्यायला सुरुवात केली, कारण कामावर जाणाऱ्याला बसून खायला वेळ कुठे असतो. आपल्या वडापावचीही गोष्ट हीच. त्यामुळे वडापाव कळतो त्याला बान्ह मी पटकन कळतं, पाव शिळा असेल तर वडा कितीही भारी असो, मजा गेली.

हा पाव हातात घेतला की हलका लागला पाहिजे, बाहेरचं कवच अगदी पातळ, आत जवळजवळ पोकळ. अंगठ्याने दाबलात की करकर आवाज येतो आणि कपड्यांवर पापुद्रे पडतात. पापुद्रे पडले नाहीत तर समजायचं की हॉटडॉगचा मऊ पाव आहे. बऱ्याच कॅफेंत उलटं होतं, सावरडोचा, म्हणजे आंबट पिठाचा, जाड बगेट देतात, तो चावताना टाळू सोलते आणि आतलं सगळं मागून बाहेर पडतं.

आता शोधायचं कसं. मॅपवर स्पेलिंग दोन्ही प्रकारे टाका, एच घालून आणि न घालता, कारण प्रत्येकजण वेगळं लिहितो. मग दुकानाने टाकलेले फोटो सोडा आणि गिऱ्हाइकांचे बघा, त्यातही कापलेल्या सँडविचचा फोटो, कारण त्यात पावाचा आतला भाग दिसतो. मेनूत बान्ह मीसोबत फो (व्हिएतनामी नूडल सूप) किंवा तांदळाच्या कागदासारख्या पातळ पापडीतले रोल्स असतील तर आशा ठेवा. पास्ता, सिझलर आणि मोमोच्या मधोमध एकच बान्ह मी असेल तर मी तरी जात नाही.

मग सरळ फोन करा आणि विचारा, पाव कुठून येतो आणि किती वाजता येतो? एका ठिकाणच्या ताईंनी लगेच सांगितलं, "आमचा पाव संध्याकाळी पाचला येतो, सकाळी आलात तर कालचा मिळेल." मी साडेपाचला गेले आणि इथे आल्यापासूनचं सगळ्यात चांगलं बान्ह मी खाल्लं. दुसऱ्या एका ठिकाणी पाव मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिला, पाच मिनिटांत चामड्यासारखा झाला, तीनशे ऐंशी रुपये गेले. घरी मागवू तर नकाच, डब्यातल्या वाफेने कवच मऊ पडतं.

पावानंतर लोणचं. गाजर आणि मुळ्याच्या काड्या व्हिनेगर, साखर, मिठात मुरवलेल्या असतात, त्यांना दो चुआ म्हणतात. त्या कुरकुरीत आणि आंबटगोड लागल्या पाहिजेत. आतल्या तेलकट, तुपकट मसाल्याला हेच कापतं. लोणच्याऐवजी नुसतं किसलेलं गाजर आणि कोबी दिसला की ते बान्ह मी नव्हेच. सोबत काकडीची लांब फोड, देठासकट कोथिंबीर आणि ताजी मिरची हवी, आणि याबाबतीत आपली मिरची कमी पडत नाही.

शाकाहारी असाल तर टोफू किंवा मशरूमचं मागा, पण आधी नीट विचारा. तिथे मॅरिनेडमध्ये माशाचं सॉस, नुओक माम, सर्रास घालतात आणि मेयोनीजमध्ये अंडं असू शकतं. नुसतं "व्हेज आहे ना" विचारून भागत नाही, दोन्हीची नावं घेऊन विचारा, श्रावणात तर नक्कीच.

आणि कुठेच जमलं नाही तर घरी करा, मी महिन्यातून दोनदा करते. एक गाजर आणि एक मध्यम पांढरा मुळा काडीसारखा चिरायचा, एक चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटांनी पिळून काढायचं. मग अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप कोमट पाणी आणि दोन चमचे साखर विरघळवून त्यात बुडवायचं. तासाभरात खाता येतं, रात्रभर ठेवलंत तर अजून छान. बरणी घट्ट लावा, मुळ्याचा वास अख्ख्या फ्रिजभर होतो. पावासाठी इराणी बेकरीचा ब्रून घ्या, अगदी तसा नाही, जड आहे, पण बाहेरून कडक असतो. मधून चिरून आतला मऊ भाग थोडा काढून टाका, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं गरम करा, लोणचं पूर्ण निथळून सगळ्यात शेवटी भरा आणि भरल्या भरल्या खायला बसा.