बार्बेक्यूच्या रांगेतच सांगा कुटुंब सल्ला केंद्राबद्दल

कुटुंब सल्ला केंद्राची माहिती द्यायला सोसायटीत बार्बेक्यू ठेवला की लोक खाऊन निघून जातात, सल्ला केंद्राच्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही. शेजाऱ्यांच्या देखत तिथं उभं राहणं अवघड वाटतं. त्यामुळे टेबल लावूच नका, रांगेचा वेळ वापरा.

कोळसे ४० मिनिटं आधी पेटवा. वर पांढरी राख धरल्यावरच सळया ठेवा. ज्वाळेवर पनीर बाहेरून करपतं, आत गारच राहतं. शाकाहारी शेगडी वेगळी हवीच. एका वेळी १०-१२ सळयाच लावा. त्या भाजायला ८-१० मिनिटं लागतात, तेवढ्यात समुपदेशकांनी रांगेत मिसळून बोलायचं: मुलांचा मोबाइल, दहावीचं टेन्शन, घरातलं आजारपण.

प्लेटसोबत प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड द्या, नॅपकिनमध्ये गुंडाळून. मोठं पत्रक तेलकट हातांनी थेट कचऱ्यात जातं. कार्डावर केंद्राची वेळ, फोन, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे हेल्पलाइन नंबर. सगळ्यांना सारखंच कार्ड मिळालं की कुणी वेगळं पडत नाही.

नवी मुंबईत ऐरोली-वाशीकडे संध्याकाळी वारा सुटतो, शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब ठेवा.

रांगेत नाव-नंबर मात्र अजिबात लिहून घेऊ नका. वही दिसली की ज्याला खरंच गरज आहे तोच आधी निघून जातो.