पीएमओचा इतिहास लिहायचाय? मग फाईल कुठून कुठे गेली ते बघा

स्पर्धा परीक्षावाले, पत्रकारिता शिकणारे, नुसतीच राजकारणाची आवड असलेले, सगळ्यांच्या तोंडी पीएमओ, म्हणजे पंतप्रधान कार्यालय, हा शब्द रोज असतो. पण हे ऑफिस नेमकं कधी उभं राहिलं, त्यात कोण बसायचं, त्याला अधिकार कुठून आले असं विचारलं की गप्पा लगेच नेहरू कसे होते आणि इंदिराबाई कशा होत्या यावर जातात. तो पंतप्रधानांचा इतिहास झाला, ऑफिसचा नाही. ऑफिसचा इतिहास काढायची पद्धत वेगळी आहे आणि बरंचसं काम घरबसल्या होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सुरुवातीला १९४७ ते १९७७ एवढाच काळ धरा. देश नवा, यंत्रणा इंग्रजांची जुनी, आणि त्यात पंतप्रधान नावाची खुर्ची पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे या तीस वर्षांत सगळे मूळ वाद सापडतात.

पूर्ण कामात प्रश्न एकच धरून ठेवायचा. एखादा निर्णय झाला तर त्याचा कागद कोणाकोणाच्या टेबलावरून गेला? आधी कोणाला माहीत होतं, नंतर कोणाला कळलं, सही कोणाची? वहीत प्रत्येक प्रसंगासाठी एवढेच रकाने आखा. स्वभावाबद्दलचे किस्से वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर तेच सगळी जागा खातात.

पहिलं काम कंटाळवाणं वाटेल पण टाळू नका. राज्यघटनेतली कलम ७४, ७५, ७७ आणि ७८ एकदा शांतपणे वाचून काढा, तासभर पुरतो. पंतप्रधान मंत्रिमंडळाचा प्रमुख, त्याची नेमणूक राष्ट्रपती करणार, राष्ट्रपतींना माहिती देणं हे त्याचं कर्तव्य, हे सगळं तिथे आहे. पंतप्रधानांच्या ऑफिसबद्दल मात्र एक शब्द नाही. मग ७७ मधल्या अधिकारातून आलेले १९६१ चे कामकाजाचे नियम काढा, हे दोन आहेत, एक कामाच्या वाटपाचे आणि दुसरे कामकाज कसं चालवायचं त्याचे, आणि ही जोडी लागतेच. वाटपाच्या नियमांत एकेका मंत्रालयाला पानंच्या पानं दिलीत आणि पंतप्रधान कार्यालयापुढे एकच ओळ आहे, पंतप्रधानांना सचिवालयीन मदत देणं. कायद्यात एवढंच, आणि प्रत्यक्षात काय झालं ते आपण सगळे बघतोच, या दोहोंमधलं अंतर मोजणं हाच तुमचा विषय आहे.

आता तारीख. बहुतेक जण १५ ऑगस्ट १९४७ पासून सुरू करतात, माझं मत आहे की वही २ सप्टेंबर १९४६ पासून उघडा. त्या दिवशी हंगामी सरकार आलं, नेहरू तेव्हा पंतप्रधान नव्हते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे उपाध्यक्ष होते. सत्तेचा धागा तेव्हा व्हाइसरॉयच्या खाजगी सचिवाच्या हातातून जायचा, वेव्हेल आणि माउंटबॅटन दोघांकडेही त्या जागेवर जॉर्ज एबेल होते. स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांचं सचिवालय उभं राहिलं ते गव्हर्नर जनरलच्या वैयक्तिक सचिवाकडे असलेली कामं उचलून. म्हणजे ऑफिस नवं पण कामाची वाट जुनीच, हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच वाद आपोआप उलगडतात.

मग माणसांची यादी करा, पण पंतप्रधानांची नाही, त्यांच्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्यांची. एच. व्ही. आर. अय्यंगार, एम. ओ. मथाई, एल. के. झा, पी. एन. हक्सर, पी. एन. धर, व्ही. शंकर. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा, कुठल्या केडरमधून आले, आधी कुठे होते, नंतर कुठे गेले. एवढ्यानेच चित्र दिसायला लागतं. अय्यंगार आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेतले, आधी संविधान सभेचे सचिव, नंतर गृहसचिव आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. झा पण आयसीएस, अर्थ मंत्रालयातून आले आणि तेही पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. हक्सर परराष्ट्र सेवेतले. मथाई मात्र कुठल्याच सेवेतले नव्हते, नेहरूंच्या वैयक्तिक विश्वासावर तिथे होते आणि १९५९ च्या जानेवारीत आरोप झाल्यावर राजीनामा देऊन गेले.

यादी झाली की पहिला प्रसंग घ्या तो अजमेरचा, आणि इथे घाई करू नका कारण माझ्या मते या ऑफिसचा खरा पाया इथेच दिसतो. डिसेंबर १९४७, अजमेरमध्ये दंगल झालेली. अजमेर थेट केंद्राच्या ताब्यात, तिथला कारभार बघायला केंद्राने नेमलेला चीफ कमिशनर, आणि खातं गृहमंत्री सरदार पटेलांचं. नेहरूंना जायचं होतं, जाता आलं नाही, म्हणून त्यांनी आपले प्रधान खाजगी सचिव अय्यंगार यांना पाठवलं. पटेलांचं म्हणणं असं की माझ्या खात्याच्या भागात पंतप्रधानांचा एक अधिकारी जाऊन पाहणी करतो याने तिथल्या चीफ कमिशनरची पत जाते आणि मंत्र्याची जबाबदारीही राहत नाही. नेहरूंचं म्हणणं असं की पंतप्रधानाला कुठे जायचं, कोणाला पाठवायचं याचंही स्वातंत्र्य नसेल तर मग त्या पदाला अर्थ काय.

दोघांनीही पद सोडायची तयारी दाखवली आणि प्रकरण गांधीजींकडे गेलं. नेहरूंनी ६ जानेवारी १९४८ ला टिपण लिहिलं, पटेलांनी १२ जानेवारीला त्यावर आपलं मत दिलं. ही दोन टिपणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. नेहरू सांगतात की पंतप्रधान हा नुसता बैठकीचा अध्यक्ष नाही, सगळ्या खात्यांचा मेळ घालणं त्याचं काम आहे आणि म्हणून त्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त. पटेल सांगतात की तो समान लोकांमधला पहिला, पण सहकारी मंत्र्यांवर हुकूम चालवायचा अधिकार त्याला नाही. मला दोघांचाही मुद्दा पटतो आणि म्हणूनच हा वाद इतका मोठा वाटतो. निवाडा व्हायच्या आत ३० जानेवारी आली. गांधीजी गेले, दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून मतभेद बाजूला ठेवले, देशासाठी ते गरजेचंच होतं, पण प्रश्नाचं उत्तर कोणी कागदावर लिहून ठेवलं नाही ते नाहीच. पटेलांचा पत्रव्यवहार दहा खंडांत छापलेला आहे, नेहरूंचं निवडक लेखनही अनेक खंडांत आहे, मोठ्या लायब्रऱ्यांत मिळतं. एकाच बाजूचा खंड वाचून लिहायला बसू नका.

नेहरूंची मुख्यमंत्र्यांना दर पंधरवड्याला जाणारी पत्रं पण बघा, ऑक्टोबर १९४७ पासून सुरू झाली आणि जवळपास शेवटपर्यंत चालली. आपल्याकडे ती आधी बाळासाहेब खेरांना यायची, मग मोरारजींना, मग यशवंतरावांना. त्यात धोरण कसं खाली पोचवायचे ते कळतं.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी दुसरा प्रसंग जवळचा आहे आणि तो या विषयात कोणी घालत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९५६, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीपुढे नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई शहर पाच वर्षं केंद्राच्या ताब्यात राहील. अर्थमंत्री सी. डी. देशमुख बाहेर पडले ते सगळ्यांना माहिती आहे, त्यांचा स्वाभिमान आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण जुलै १९५६ चं त्यांचं लोकसभेतलं निवेदन वाचलंय किती जणांनी? त्यात महाराष्ट्रावरच्या अन्यायाबरोबरच अगदी वेगळी तक्रार आहे, की मुंबईबद्दलची ही घोषणा मंत्रिमंडळात चर्चा न होता झाली आणि ही पद्धत घटनेला धरून नाही. म्हणजे पुन्हा तोच अजमेरचा प्रश्न, पंतप्रधान एकटा धोरण जाहीर करू शकतो का? संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेची जुनी भाषणं फुकट आहेत, देशमुखांचं निवेदन आणि नेहरूंचं उत्तर दोन्ही उतरवून घ्या आणि आपल्या रकान्यांत भरा.

शोधताना एक काळजी घ्या. १९७७ आधीचा कागद असेल तर पंतप्रधान कार्यालय असं टाकून फार काही मिळणार नाही, तेव्हा नाव पंतप्रधान सचिवालय होतं, तेच टाका. आणि १९६५ पर्यंत जम्मू काश्मीरच्या सरकारच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणायचे, त्यामुळे शेख अब्दुल्ला आणि बक्षी गुलाम मोहम्मद यांच्या फाईली मध्ये मध्ये येणार, त्या वेगळ्या काढा.

शास्त्रींचा काळ दीड वर्षाचा म्हणून लोक दोन ओळीत उरकतात, ते करू नका, ऑफिस म्हणून बघितलं तर वळण तिथेच आहे. नेहरू स्वतःच परराष्ट्रमंत्रीही होते, त्यामुळे त्यांना हाताशी एक अख्खं मंत्रालय होतंच. शास्त्रींनी जुलै १९६४ मध्ये परराष्ट्र खातं स्वर्णसिंगांना दिलं, मग पंतप्रधानांना स्वतंत्र सल्ला देणारं कोणीतरी हवं, आणि एल. के. झा पंतप्रधानांचे सचिव म्हणून आले. अर्थ मंत्रालयातला इतका वरिष्ठ माणूस तिथे बसल्यावर मंत्रालयांकडून आलेला प्रस्ताव नुसता पुढे जाणार नाही, त्यावर दुसरं मत तयार होणार, हे उघड आहे. मवाळ समजल्या गेलेल्या पंतप्रधानाच्या काळात ऑफिस वजनदार झालं, नेत्याच्या स्वभावावरून ऑफिसचा अंदाज बांधू नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

हक्सर १९६७ ला इंदिरा गांधींचे सचिव म्हणून आले. त्यांच्या काळातला एकच प्रसंग खोलात जाऊन करा, बँकांचं राष्ट्रीयीकरण. १६ जुलै १९६९ ला मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला वटहुकूम निघाला, १४ मोठ्या बँका सरकारच्या झाल्या, सही हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींची, आणि दुसऱ्या दिवशी गिरी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी पद सोडून मोकळे. मधले तीन दिवस तासातासाने मांडा, मसुदा कोण करतंय, कोणाला बोलावलंय, कोणाला मुद्दाम कळवलेलं नाही. राष्ट्रीयीकरण चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवा, इथे आपण बघतोय की अर्थ मंत्रालयाचं काम पंतप्रधान सचिवालयातून कसं हललं. हक्सरांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीला आहेत, ज्याला आता प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय म्हणतात.

शेवटचा आणि सगळ्यात कठीण प्रसंग २५ जून १९७५ ची रात्र. यासाठी आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचे अहवाल वाचा, १९७८ मध्ये आलेत. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांना आणीबाणीची शिफारस करणारं इंदिरा गांधींचं पत्र गेलं, त्यांची सही त्याच रात्री झाली, आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली २६ तारखेला सकाळी सहाला. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डींना रात्री उशिरा बोलावलं, कॅबिनेट सचिवांना पहाटे फोन. आता मघाशी वाचलेले कामकाजाचे नियम परत उघडा, त्यातला नियम १२ बघा, नेहमीची पद्धत सोडायची मुभा पंतप्रधानाला तिथे आहे आणि त्या रात्री तीच वापरली गेली. एका छोट्या नियमाच्या आधाराने देशभरातल्या लोकांचे हक्क रातोरात गेले, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

इथे अजून एक लक्ष देऊन बघा, त्या रात्री धावपळ साउथ ब्लॉकमधून, म्हणजे पंतप्रधान सचिवालयाच्या इमारतीतून, कमी आणि १ सफदरजंग रोडवरच्या पंतप्रधानांच्या घरातून जास्त झाली, आर. के. धवन यांच्यासारख्या वैयक्तिक स्टाफच्या हातून. सचिवालय आणि निवासस्थान हे दोन रकाने आता वेगळे करा, एकत्र केलेत तर अख्ख्या आणीबाणीचं चित्र चुकेल. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने ही फट बंद केली, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आता अशी घोषणा करता येत नाही.

१९७७ ला मोरारजी आले, नाव बदलून पंतप्रधान कार्यालय झालं, पसारा कमी करायचा प्रयत्न झाला. आणि प्रधान सचिव म्हणून त्यांनी आणलं कोणाला, तर व्ही. शंकर यांना, जे अजमेरच्या वादाच्या वेळी पटेलांचे खाजगी सचिव होते. यादी केली होतीत ना, त्याचा फायदा हाच.

आता मूळ फाईलींबद्दल. राष्ट्रीय अभिलेखागार दिल्लीत जनपथवर आहे, त्यांच्या अभिलेख पटल पोर्टलवर फुकट नोंदणी होते, आधी तिथे शोधा, काही फाईली स्कॅन झालेल्या मिळतील, बाकीच्यांचे नंबर तरी मिळतील. नंबर घेऊनच दिल्लीला जा, ओळखपत्र न्या, चिठ्ठी भरून फाईल मागवावी लागते. बऱ्याच चिठ्ठ्या एनटी शेरा मारून परत येतात, म्हणजे ती फाईल खात्याने अजून अभिलेखागारात पाठवलेलीच नाही, तेव्हा एकाच फाईलीवर सगळा दौरा टाकू नका, दहा पंधरा नंबर हाताशी ठेवा. एनटी आलेल्या फाईलीसाठी मग माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, दहा रुपये फी, कलम ८(३) चा उल्लेख जरूर करा कारण वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती नाकारायची कारणं तिथे बरीच कमी होतात, मंत्रिमंडळाचे कागद आणि देशाची सुरक्षा अशी मोजकीच उरतात. अर्जात ‘पंतप्रधान सचिवालयाची सगळी माहिती द्या’ असं लिहू नका, फाईल नंबर, वर्ष आणि विषय लिहा, आणि नकार आलाच तर तीस दिवसांत पहिलं अपील टाका.