माजी कसोटीपटूचे चरित्र कसे लिहावे: अजित वाडेकरांचे उदाहरण

माजी क्रिकेटपटूवर चरित्रलेख लिहायला बसणारा लेखक बहुधा आकडेवारीचा तक्ता समोर ठेवतो आणि त्याचीच वाक्ये करू लागतो. भारताचे माजी कर्णधार अजित वाडेकर यांच्या बाबतीत ही पद्धत हमखास फसते. ३७ कसोटी सामने, २११३ धावा, ३१.०७ची सरासरी आणि एकच शतक एवढ्यावरून हा मध्यम दर्जाचा फलंदाज होता, असाच वाचकाचा समज होईल. म्हणून आकडे अवश्य जमवावेत, परंतु प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा संदर्भ टिपून ठेवावा. ते एकमेव शतक, १४३ धावांचे, १९६८ मध्ये वेलिंग्टनला झाले आणि भारताने परदेशात जिंकलेल्या पहिल्याच कसोटी मालिकेतले होते. त्याआधी मेलबर्नला ते ९९ धावांवर बाद झाले होते. मुंबईकडून खेळताना १९६६-६७च्या रणजी मोसमात त्यांनी म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा केल्या होत्या. प्रथम श्रेणीतील, म्हणजे रणजीसारखे सामने धरून, त्यांची सरासरी ४७च्या घरात आहे. कसोटीतल्या आणि प्रथम श्रेणीतल्या सरासरीत एवढी तफावत का, हा प्रश्न लेखात मांडलाच पाहिजे. त्याचे उत्तर एका वाक्यात उरकू नये.

त्यानंतर वर्षवार टाचण करावे. १ एप्रिल १९४१ रोजी मुंबईत जन्म, डिसेंबर १९६६ मध्ये मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण, १९७१ मध्ये कर्णधारपद, १९७४ मध्ये निवृत्ती. बालपण आणि शिक्षण थोडक्यात आटोपले तरी चालते. मात्र स्टेट बँकेतील नोकरीचा उल्लेख टाळू नये, कारण त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे आणि बँकेची नोकरी हाच खेळाडूचा खरा आधार असे. कर्णधारपदाच्या निवडीला मात्र पुरेशी जागा द्यावी. विजय मर्चंट यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने तोवरचे कर्णधार पतौडी यांना वगळून वाडेकरांची निवड केली आणि ती अध्यक्षांच्या निर्णायक मताने झाली, हे सांगितल्याशिवाय पुढील यशाचे वजन वाचकाला कळणार नाही.

यापुढे सर्व सामन्यांची जंत्री देण्याऐवजी स्वभाव दाखवणारा एखादा प्रसंग निवडून त्याचे तपशील नीट मांडावेत. माझी निवड १९७१ची किंग्स्टन कसोटी असेल. पहिला दिवस पावसाने वाया गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली असताना मूळचे मडगावचे असलेल्या दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा काढून संघाला ३८७पर्यंत नेले आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७वर आटोपला. आघाडी १७० धावांची होती. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते, पण पहिला दिवस बुडाल्यामुळे हा सामना चार दिवसांचा धरला गेला आणि ती मर्यादा १५०वर आली. वाडेकरांनी वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स यांच्याकडे जाऊन फॉलोऑन दिल्याचे सांगितले. सामना अनिर्णित राहिला, तरी नियमपुस्तक नीट वाचलेला कर्णधार या एका प्रसंगात दिसतो, आणि ‘शांत, संयमी, धोरणी’ अशी विशेषणांची माळ ओवण्याची गरज उरत नाही. पुढच्याच पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले आणि मालिका १-० अशी जिंकली.

ऐकीव किस्से आणि धावफलक यांची सरमिसळ करू नये. त्याच वर्षी लंडनच्या ओव्हल मैदानावर फिरकीपटू चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतल्याने इंग्लंडचा दुसरा डाव १०१वर संपला. भारतापुढे १७३ धावांचे लक्ष्य होते. अखेरच्या सकाळी वाडेकर ४५ धावांवर धावबाद झाले, आणि भारताने चार गडी राखून सामना आणि त्याबरोबर मालिकाही जिंकली. एवढे धावफलकावर तपासता येते. बाद झाल्यावर ते ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेले आणि विजयाची बातमी देण्यासाठी त्यांना उठवावे लागले, हा किस्सा मात्र ‘असे सांगतात’ या शब्दांनिशीच लिहावा. तो वगळू नये, गोड आहे.

पडता काळ लिहिताना हात आखडणे हा आपल्याकडील गौरवलेखांचा जुना दोष आहे. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे हरवून सलग तिसरी मालिका जिंकणारा हा कर्णधार १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरला आणि लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला. याच दौऱ्यात हेडिंग्लेवर झालेल्या भारताच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी ६७ धावा केल्या, हेही तिथेच नोंदवावे. कर्णधार म्हणून १६ कसोटींत चार विजय, चार पराभव आणि आठ अनिर्णित सामने असा हिशेब मांडला की यश आणि अपयश दोन्ही आपापल्या जागी बसतात.

शेवटी निवृत्तीनंतरचा भाग दोन ओळींत गुंडाळू नये. वाडेकर १९९०च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. १९९३ मध्ये इंग्लंडला मायदेशी ३-० असे हरवणारा संघ त्यांच्याच देखरेखीखाली होता. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सचिन तेंडुलकर यांनी प्रथमच एकदिवसीय सामन्यात सलामीला येऊन ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या, तेव्हाही व्यवस्थापक तेच होते. पुढे ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. म्हणजे खेळाडू, कर्णधार, व्यवस्थापक आणि निवडकर्ता अशा चारही नात्यांनी त्यांचा भारतीय संघाशी संबंध आला, आणि लेखाची निम्मी नसली तरी एक तृतीयांश जागा या उत्तरार्धाला द्यायला हरकत नाही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. पद्मश्री आणि अर्जुन पुरस्कारांचा उल्लेख त्या-त्या वर्षाच्या ओघातच करावा. शेवटी पुरस्कारांची वेगळी यादी जोडू नये.