सुई आत गेल्यावर: अ‍ॅक्युपंक्चर घेताना काय जाणवतं, काय सांगायचं

अ‍ॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव असते आणि जाडीला साधारण 0.16 ते 0.30 मिलिमीटर. कातडीतून आत जाताना क्षणभर टोचल्यासारखं होतं, कधी तेही कळत नाही. सगळे घाबरतात ते या क्षणाला, पण लक्ष द्यायचं ते पुढच्या मिनिटाकडे.

सुई स्नायूपर्यंत पोचली की तिथे जडपणा येतो, आतून भरून आल्यासारखं वाटतं, बोथट ठणका लागतो किंवा ऊब पसरते. चिनी वैद्यकात याला 'द-छी' म्हणतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावरच्या 'हेगू' बिंदूवर हे बऱ्याच जणांना स्पष्ट कळतं. सुई हलकेच फिरवली की त्वचेखालच्या संयोजी ऊतींचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात, चातीवर सूत गुंडाळावं तसे. तुम्हाला तिथे ओढ जाणवते आणि त्याच वेळी उपचार करणाऱ्याच्या बोटांना सुईची पकड लागते.

म्हणून नुसतं 'दुखतंय' म्हणू नका. मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत, नेमका तो वापरा. जड वाटतंय, ठणकतंय, ओढ बसतेय: हे चालतं. आग होतेय, चुरचुरतंय: बहुधा सुई कातडीतच अडकली आहे किंवा त्वचेवरचं स्पिरिट वाळायच्या आत टोचली गेली. विजेसारखी सणक बोटांपर्यंत गेली तर सुई मज्जातंतूला लागली असण्याची शक्यता असते. ताबडतोब सांगा, सुई मागे घ्यायलाच हवी. सोसून गप्प बसण्याने फायदा वाढत नाही.

आत काय घडतं, याची काही उत्तरं हाती आहेत. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. शरीर स्वतःची, अफूसारखी काम करणारी वेदनाशामकं सोडतं. 1977 मध्ये नॅलोक्सोन हे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर सुईने कमी झालेली वेदना परतल्याचं दिसलं, ते यामुळेच. 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास अ‍ॅडेनोसिन वाढलेलं आढळलं, तेही वेदना दाबतं. मात्र बिंदू अगदी नेमका असण्याचं महत्त्व किती, याबद्दल सावध राहावं. जर्मनीत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुनाट कंबरदुखीच्या चाचणीत सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने 47.6 टक्के, बिंदू सोडून उथळ टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के लोकांना आराम पडला होता. सुयांचा उपयोग दिसला, बिंदूंचा फरक फारसा दिसला नाही.

जाण्याआधी तासभर हलकं खाऊन घ्या. उपाशीपोटी किंवा दमून गेलात तर चक्कर येण्याची शक्यता वाढते. पहिल्या वेळी झोपूनच सुया घ्या. रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर, गर्भारपण, रक्तस्रावाचा विकार यांपैकी काही असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नका. गर्भारपणात हेगूसारखे काही बिंदू टाळतात. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं पाहा. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरायची नसते.

सुया साधारण 20 ते 30 मिनिटं ठेवतात. त्या वेळात हालचाल केलीत तर स्नायू आवळतो, सुई घट्ट बसते किंवा वाकते. तसं झालं तर जोर लावून ओढायची नाही. आधीच्या स्थितीत परत यायचं, अंग सैल सोडायचं, आजूबाजूला हलकं चोळलं की स्नायू सुटतो. घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा. सगळ्या सुया काढून पाय उंच ठेवले की बहुधा काही मिनिटांत बरं वाटतं.

सुई काढल्यावर रक्ताचा थेंब आला तर कापसाने दाबून धरा, चोळू नका, नाहीतर काळंनिळं पडतं. छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्या असतील आणि नंतर काही तासांत धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरलेली असू शकते. असं क्वचितच होतं, पण वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि सुया कुठे टोचल्या होत्या ते दाखवा.