कॉलमविरहित स्टीलचं गोदाम: जादा लागलेलं स्टील कुठे वसूल होतं, कुठे होत नाही

मधला कॉलम काढला की मुख्य फ्रेमचं वजन वाढतं. क्लिअर स्पॅन, म्हणजे मध्ये कॉलम नसलेली रचना, स्वस्त पडते असं कुणी सरसकट सांगत असेल तर आधी हे लक्षात घ्यावं. सारखा भार वाहणाऱ्या साध्या तुळईचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट झाला की तिच्यातलं वाकणं, म्हणजे मोमेंट, चौपट होतं, आणि छेद तोच ठेवला तर झुकणं सोळापट. फ्रेमचे सांधे ताठ असल्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके भयंकर नसतात, पण कल तोच. म्हणून प्रश्न असा विचारावा: वाढलेलं स्टील आतल्या वापरातून परत मिळतं का? त्याचं उत्तर रॅकच्या नकाशात सापडतं. तो नकाशा बहुतेक वेळा इमारतीची ऑर्डर गेल्यावर काढला जातो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आधी रॅक मांडा, मग फ्रेम ठरवा

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. गोदाम बाहेरून ३० मीटर रुंद, ६० मीटर लांब. दर ७.५ मीटरला एक फ्रेम, म्हणजे दोन टोकं सोडून आत सात फ्रेम. बाजूचा कॉलम वर जाड होत जातो. तो आणि भिंतीचे गर्ट, म्हणजे भिंतीचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, मिळून प्रत्येक बाजूला पाऊण मीटर खातात. आत उरले २८.५ मीटर.

पॅलेट, म्हणजे माल रचायचा पाट, १.२ × १.० मीटरचं, १.२ ची बाजू आत. पाठीला पाठ लावलेल्या दोन ओळी आणि मधली १०० मिलिमीटरची फट मिळून अडीच मीटर होतात. रीच ट्रकसाठी (पुढे हात लांबवून पॅलेट उचलणारी, कमी रुंद गल्लीत चालणारी फोर्कलिफ्ट) गल्ली ३ मीटर. म्हणजे एक गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन ओळींना मिळून ५.५ मीटर. २८.५ मध्ये अशा पाच गल्ल्या बसतात: २७.५ मीटर, एक मीटर शिल्लक. ओळी दहा. लांबीत डॉकपुढची (माल चढवण्या-उतरवण्याच्या दारांपुढची) जागा आणि मागचा आडवा रस्ता यांना १४.४ मीटर सोडले, तर ४५.६ मीटर रॅक उरतो. दोन पॅलेटचा एक खण २.४ मीटरचा धरला की १९ खण, म्हणजे ओळीत ३८ पॅलेट. पाच थर. दहा ओळी × ३८ × ५ = १९०० जागा.

आता इमारतीच्या बरोबर मध्यावर कॉलमची एक रांग आणा. गल्ल्या पाच, म्हणजे विषम. इमारतीचा मध्य तिसऱ्या गल्लीच्या मध्यावर येतो. ३०० मिलिमीटरचा कॉलम तीन मीटरच्या गल्लीत उभा राहिला की दोन्ही बाजूंना १.३५ मीटर उरतात. तिथून रीच ट्रक वळून पॅलेट उचलू शकत नाही. मांडणी सरकवायला हातात मीटरभरच आहे, त्यामुळे कॉलम गल्लीतून बाहेर काढता येत नाही. शेवटी मध्यावर दुहेरी रॅक आणून कॉलम त्याच्या फटीत घ्यावा लागतो, मग दोन्ही बाजूंना दोन-दोनच गल्ल्या बसतात. ओळी आठ, जागा १५२०. एका कॉलमरांगेने ३८० जागा खाल्ल्या, म्हणजे वीस टक्के. कॉलमांनी व्यापलेली जमीन मात्र अर्धा-पाऊण चौरस मीटर! "कॉलम किती जागा अडवतो ते मोजलं, काही फार नाही" असं म्हणणाऱ्याचा हिशेब इथे फसतो.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. तोच कॉलम मध्यापासून पावणेतीन-तीन मीटर बाजूला सरकवला, तर तो शेजारच्या दुहेरी रॅकच्या फटीत बरोबर लपतो. फट ३०० मिलिमीटरने वाढवावी लागते, मांडणी २७.८ मीटर होते, आणि १९०० च्या १९०० जागा टिकतात. फ्रेमचे स्पॅन सुमारे १८ आणि १२ मीटरचे, असमान होतात, थोडं स्टील मध्यावरच्या कॉलमपेक्षा जास्त लागतं, पण क्लिअर स्पॅनपेक्षा कमीच. रॅक, ट्रक आणि पॅलेट पुढची वीस वर्षं बदलणार नाहीत अशी खात्री असेल, तर हाच पर्याय स्वस्त आहे. तिथे क्लिअर स्पॅनवर पैसे घालू नयेत.

अशी खात्री फार थोड्यांना असते. उद्या ३.६ मीटर गल्ली लागणारी साधी फोर्कलिफ्ट आली की ५.५ चं माप ६.१ होतं, आणि फटीत लपलेला कॉलम पॅलेटच्या जागेत घुसतो. रॅकच्या लांबीत असे सहा कॉलम येतात. पाच थरांत किमान ३० जागा बाद. भाड्याने द्यायच्या गोदामात तर भाडेकरूगणिक मांडणी बदलते. क्लिअर स्पॅनची खरी किंमत या मोकळीकीत आहे.

हिशेब कसा मांडायचा

पुरवठादाराकडून एकाच मापाचे, एकाच भाराचे तीन पर्याय मागा: कॉलमविरहित, मध्यावर कॉलम, फटीत बसणारा कॉलम. प्रत्येकाचं एकूण वजन आणि चौरस मीटरमागे किलो मागा. समजा कॉलमविरहित आणि मध्यकॉलम यांच्यात निव्वळ फरक चौरस मीटरला ४ किलो निघाला. १८०० चौरस मीटरला ७२०० किलो. ३८० जागांत वाटला तर एका पॅलेटच्या जागेमागे १९ किलो तयार स्टील. तुमच्याकडच्या दराने १९ किलोची किंमत काढा, आणि तेवढीच जागा वेगळी बांधायला काय लागेल, किंवा एका जागेचं वर्षाचं भाडं किती, त्याच्याशी ताडून पाहा. ४ किलो हा समजुतीसाठी धरलेला आकडा आहे. तो तुमच्या कोटेशनमधून यायला हवा.

वजनाबाहेरही काही रकमा या पारड्यात टाकायच्या असतात. आतले सात पाये, त्यांची खोदाई, सळई, बेस प्लेट आणि अँकर बोल्ट वाचतात. प्रत्येक कॉलमभोवती फरशीत ठेवावा लागणारा वेगळा सांधा वाचतो. फरशीच्या भेगा बहुधा त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतूनच निघतात. मोकळ्या हॉलमध्ये काँक्रीटचे पट्टे सलग आणि मोठे ओतता येतात, सपाटी चांगली मिळते, आणि अरुंद गल्लीच्या उंच ट्रकला ती लागतेच. कॉलमचे गार्ड, त्यांना बसणाऱ्या धडका आणि दुरुस्ती हेही वाचतं. फ्रेमला अग्निरोधक लेप द्यावा लागणार असेल तर तेवढे कॉलम त्यातूनही सुटतात.

उलट बाजूला बाहेरचे पाये महाग होतात. पोर्टल फ्रेम म्हणजे दोन कॉलम आणि त्यांना ताठ जोडलेली छपराची मुख्य तुळई (राफ्टर); तिचे पाय बाहेर फाकायला बघतात; हा आडवा धक्का रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि इमारत जितकी बुटकी तितका जास्त. कोटेशन तपासताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. काही पुरवठादार कॉलमचा तळ पायात पक्का जखडलेला धरतात, त्यामुळे फ्रेम हलकी दिसते आणि किलोचा आकडा सुंदर येतो. पण तो मोमेंट आता पायाने पेलायचा असतो. स्टीलच्या बिलातली बचत काँक्रीटच्या बिलात जाऊन बसते, आणि ती दोन बिलं दोन वेगळ्या टेबलांवर असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पायावरच्या प्रतिक्रिया, म्हणजे रिअ‍ॅक्शन, कोटेशनबरोबरच मागा, आणि पायाच्या डिझायनरकडून त्याच आकड्यांवर खर्च काढून घ्या. जमीन नरम असेल तर हे जास्तच लागू.

माप ठरवताना

भरीव उभ्या पत्र्याच्या, निमुळत्या प्लेट गर्डरच्या पोर्टलला साधारण १८ ते ३६ मीटर रुंदी सोयीची जाते. चाळिशीपुढे ट्रस (त्रिकोणी जाळीच्या) फ्रेमचा पर्यायही मागून बघा. साठ मीटर रुंदी लागत असेल तर मध्ये एक रांग घेऊन तीस-तीस करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. ती रांग मात्र रॅक पाहून बसवायची.

वाहतुकीलाही गणितात धरा. ट्रकवर १२ मीटरपर्यंतचाच नग जात असेल, तर २४ मीटर रुंदीच्या फ्रेमचा अर्धा राफ्टर अखंड येतो आणि वर एकच सांधा लागतो. ३० मीटरला अर्ध्या राफ्टरमध्ये आणखी एक सांधा वाढतो: दोन जाड एंड प्लेट, बोल्ट, वेल्डिंग आणि वर चढून आवळणं, प्रत्येक फ्रेमला दोनदा. म्हणून रुंदी २४ वरून २५ करण्याआधी थोडं थांबावं.

उंचीबाबत एक सापळा आहे. 'ईव्ह हाइट १० मीटर' (भिंत आणि छप्पर मिळतात तिथली उंची) म्हणजे आत १० मीटर मोकळे असं नव्हे. क्लिअर स्पॅनमध्ये कॉलम आणि राफ्टर जुळतात तो गुडघा सर्वात खोल असतो, कधी कधी मीटरभर. भिंतीलगतच्या ओळीचं सर्वात वरचं पॅलेट नेमकं तिथेच आपटतं. करारात गुडघ्याखालची मोकळी उंची लिहून घ्या, आणि स्प्रिंकलरचा पाइप त्याच्याही खाली येणार का हे विचारा.

छपरावरचा पुढचा भार आजच सांगून टाका. सौर पॅनेलचा भार चौरस मीटरला १५ किलो धरला, तर ७.५ मीटरच्या बेमध्ये (दोन फ्रेममधल्या गाळ्यात) ३० मीटरच्या एका राफ्टरवर ३३७५ किलो वाढतात. मधला कॉलम असता तर त्यातला मोठा वाटा त्याने उचलला असता. इथे सगळं दोन पायांवर येतं. नंतर राफ्टरला प्लेटा वेल्ड करत बसणं हे सगळ्यात महागडं स्टील.

झुकण्याची मर्यादाही लेखी हवी. स्पॅन भागिले १८० धरलं तर ३० मीटरला १६७ मिलिमीटर होतात. पत्र्याला ते चालतं, खालून लटकवलेल्या पाइपला, पार्टिशनला किंवा क्रेनच्या रुळाला चालेलच असं नाही.

पुढे लांबी वाढवायची असेल तर त्या टोकाला हलकी पोस्ट-बीमची (खांब-तुळईची) भिंत न घेता पूर्ण फ्रेम घ्या. डॉकची दारं बाजूच्या भिंतीत असतील तर फुलीचं ब्रेसिंग (इमारत लांबीत ताठ ठेवणारे तिरपे आधार) दारात येणार नाही ना, हे ड्रॉइंगवर बोट ठेवून बघा. येत असेल तर त्या बेमध्ये फुलीऐवजी चौकटीचं, म्हणजे पोर्टल ब्रेसिंग घ्यावं लागतं, आणि ते जड असतं.

आत मेझॅनिन (मधला अर्धा मजला) घालायचाच असेल, तर त्याचे कॉलम तसेही येणार. तेवढ्या भागात क्लिअर स्पॅनचा पैसा फुकट.

साइटवर काय बिघडतं

अँकर बोल्ट टेम्प्लेटमध्ये (बोल्टांच्या जागा धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवूनच काँक्रीट ओता आणि काँक्रीट ओतल्यावर लगेच पुन्हा मोजा. एका गटातल्या बोल्टांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला की इरेक्शनवाले बेस प्लेटची भोकं गॅसने मोठी करतात. आडवा धक्का याच बोल्टांवर यायचा असेल तर असं भोक म्हणजे फ्रेमला सरकायला दिलेली परवानगी.

उभारणी ब्रेसिंगच्या बेपासून सुरू करा. पहिल्या दोन फ्रेम उभ्या करून त्यांच्यातले पर्लिन (छपराचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या), गर्ट आणि फुल्या पूर्ण बसल्याशिवाय तिसरी उचलू नका. लांब राफ्टर स्वतःच्या वजनानेही बाजूला कलंडू शकतो, आणि एक पडला की शेजारचा सोबत नेतो. क्रेनचा हूक पुरेसे पर्लिन लागेपर्यंत सोडायचा नाही.

राफ्टरच्या खालच्या फ्लँजपासून (आडव्या पट्टीपासून) पर्लिनला जाणारे छोटे तिरपे अँगल, म्हणजे फ्लँज ब्रेस, ही सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू. दिसायला किरकोळ, पण गुडघ्याजवळ खालचा फ्लँज छपराच्या वजनाखालीच दाबात असतो, आणि वारा छप्पर वर उचलतो तेव्हा मधल्या भागातही दाबात जातो. ब्रेस नसेल तर तो बाजूला लचकतो. ड्रॉइंगवरची संख्या आणि प्रत्यक्ष लावलेली संख्या फ्रेमगणिक मोजा, पत्रा चढण्याआधी.

सांध्याच्या प्लेटा वेल्डिंगने थोड्या वाकलेल्या असू शकतात. सगळे बोल्ट हातातल्या साध्या पान्याने पूर्ण जोर लावून घट्ट केल्यावर प्लेटांमध्ये उजेड दिसत असेल तर पुढे आवळू नका; आधी शिम (फट भरणारा पातळ पत्रा) घाला किंवा प्लेट दुरुस्त करा. मग उरलेला फेरा द्या: बोल्टची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल तर एक तृतीयांश, चौपट ते आठपट असेल तर अर्धा. नटावर आणि बोल्टच्या टोकावर हा फेरा देण्याआधी रंगाची एकच सरळ रेघ मारून ठेवली, तर नट खरंच तेवढा फिरला की नाही हे खाली उभं राहूनही कळतं.

आडवा धक्का पेलायला काही ठिकाणी पायापासून फरशीत आत जाणाऱ्या हेअरपिन (U आकाराच्या) सळया टाकतात. फरशीचा ठेकेदार वेगळा असतो, त्याला त्या ठाऊक नसतात, आणि तो आपल्या ओळीत सांधा कापत जातो. सळयांच्या जागा फरशीच्या ड्रॉइंगवर लाल रंगात दाखवा. पुढे कुणी केबलसाठी चर खणणार असेल, तर तेच ड्रॉइंग आधी त्याच्या हातात द्या.