घासून राहिली, पाहून कोन राहिलं?

एम.एस्सी. भूगर्भशास्त्राला माझा नंबर लागला तेव्हा आमच्या झाडीपट्टीत प्रत्येकाने एकच विचारलं, "म्हणजे पाणाड्या होशील का?" नारळ तळहातावर धरून विहिरीची जागा सांगणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला, भूगर्भशास्त्रज्ञ कुणीच नाही. मीही पाहिला नव्हता. गोंदियाहून सकाळची गाडी धरली, नागपूरला उतरले आणि ऑटोवाल्याला फक्त "विद्यापीठ" म्हटलं. तो म्हणाला, "कोनतं? एक जागी थोडीच आहे ते."

नव्याने येणाऱ्यांनी पहिल्यांदा हेच समजून घ्यावं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्याला २००५ मध्ये मिळालं. शंभर वर्षांत ते शहरभर पसरलंय. काही विभाग लॉ कॉलेज चौकाजवळ, काही अमरावती रोडवर पुढे. आधी आपला विभाग नेमका कुठे ते पक्कं करा आणि खोली त्याच्या चालत्या अंतरावर घ्या. मेट्रो आहे, पण मे महिन्यात स्टेशनापासून विभागापर्यंत चालून बघा, मग कळेल मी काय म्हणते ते. दुपट्टा, पाण्याची बाटली आणि खोलीत कूलर. या तिन्हींत काटकसर करू नका.

वर्गात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चारही जिल्ह्यांची मुलं असतात. (चंद्रपूर-गडचिरोलीला २०११ पासून वेगळं गोंडवाना विद्यापीठ आहे.) पहिला महिनाभर मी माझी बोली लपवत होते. मग कळलं, अर्धा वर्ग तेच करतोय.

आता मुद्द्याचं. कॉलेजात आपल्याला नोट्स मिळतात, इथे दगड मिळतो. रामटेकच्या वाटेवर फील्डला गेलो असताना मी नाइसचा (हा एक पट्टेदार खडक) तुकडा उचलला होता, करडा-गुलाबी. त्याचा पातळ काप करायचा होता. हिऱ्याच्या पात्याने चकती कापायची, एक बाजू गुळगुळीत करून अ‍ॅरल्डाइटने काचपट्टीवर चिकटवायची, पुन्हा कापायची आणि मग घासायची. जाड काचेवर कार्बोरंडमची (दगड घासायची कडक) पूड, थोडं पाणी, बोटांनी काचपट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. आधी भरड पूड, मग बारीक. थांबायचं ३० मायक्रॉनला, म्हणजे ०.०३ मिलीमीटरला. तेवढा पातळ झाला की दगडातून उजेड आरपार जातो. जाडी कोणी पट्टीने मोजत नाही, ती दगडातलं क्वार्ट्झ हे खनिज सांगतं. सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवकांमध्ये (उजेड गाळणाऱ्या दोन चकत्यांमध्ये) ते पिवळं दिसलं तर काप अजून जाड, राखाडी झालं की पुरे.

मी घासत बसले होते आणि मैत्रिणीशी रविवारच्या तर्री-पोह्याचा बेत चालला होता. बेत पक्का झाला तेव्हा काचपट्टी उचलून पाहिली. काच स्वच्छ. कडेला दोन-तीन ठिपके आणि अ‍ॅरल्डाइट, बाकी कोट्यवधी वर्षांचा दगड मोरीत वाहून गेलेला. लॅबमधले काका मागे उभे होते. म्हणाले, "घासून त राहिली बाई, पाहून कोन राहिलं?"

बारीक पुडीवर आलं की दर मिनिटाला धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे सरांनी वर्गात सांगितलेलं होतं, माझ्या वहीतही होतं. पण काकांनी पुढचे तीन काप करताना मला शेजारी बसवून घेतलं तेव्हा हाताला कळलं. काका, ग्रंथालयातल्या मॅडम, ऑफिसातले भाऊ यांच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या, काम पडल्यावरच धावू नका.

दगडांच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान. दख्खनच्या बेसॉल्टचा पूर्वेकडचा काठ इथेच येतो. सीताबर्डीची टेकडी त्या लाव्ह्याची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. कामठीकडे गेलं की गोंडवाना काळातला वालुकाश्म आणि कोळसा, मनसरला मँगनीज. एका दिवसाच्या बसफेरीत एवढं बघायला मिळतं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, पण नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. म्हणून पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असेल तर दगड कितीही चांगला दिसो, अलीकडेच थांबा. फील्डला हातोडी, भिंग आणि ब्रंटन कंपास (खडकाच्या थरांची दिशा आणि उतार मोजणारा) लागतो. वहीत पेन्सिलीने लिहा, घामाने शाई पसरते.

पीएच.डी.चा विचार असेल तर तीच गत, घासण्याआधी बघा. मार्गदर्शकांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) शोधा, निदान दोन वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे आवडते सर रिकामे असतीलच असं नाही. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आपल्या विषयाची नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) ही यूजीसीची नाही, सीएसआयआरची असते, पृथ्वी विज्ञान या गटात. मी सहा महिने भलतीच पुस्तकं चाळली. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपकडेही लक्ष ठेवावं, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण कोणतीही फेलोशिप महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका. माझे चार महिने उधारीवर गेले.

नोकरीचं विचाराल तर इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मँगनीज काढणारी मॉइल, कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स यांची मुख्यालयं याच शहरात आहेत, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सला. सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते. तिची तयारी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून धरा.

ती रिकामी काचपट्टी मी फेकली नाही. माझ्या पेटीत पहिल्या खाचेत आहे, चिठ्ठीवर नमुना क्रमांक आणि "नाइस" असं लिहिलेलं. परवा एका ज्युनियरने ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली, बराच वेळ फिरवून बघितली आणि विचारलं, "ताई, यात खनिजं कोणती?"