इंग्लंडमधल्या पोर्ट्समथमध्ये बांधकामाचा सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून साइटवर जाण्याआधी

बूट, हेल्मेट, अवजारं सगळ्यांची तयार असतात. राहतात ते कागद. सगळ्यात आधी व्हिसा बघा. स्वतःचा धंदा करायची मुभा त्यात आहे का? स्टुडंट व्हिसावर ती नसते, मग बाकीची खटपट व्यर्थ. मुभा असेल तर एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, सेल्फ असेसमेंटची (स्वतःचं कर रिटर्न स्वतः भरण्याची) नोंदणी करून दहा आकडी यूटीआर, म्हणजे करदात्याचा क्रमांक, मिळवा. तो आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथल्या सामाजिक विम्याचा क्रमांक) हाताशी आला की कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीममध्ये, म्हणजे सीआयएसमध्ये, सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून नाव नोंदवा. या योजनेत कॉन्ट्रॅक्टर तुमच्या पैशातून कर आधीच कापून एचएमआरसीकडे भरतो.

घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, बँकेत ते गायब, बिलावर नुसतं आद्याक्षर! पैसे देण्याआधी कॉन्ट्रॅक्टर तुमचं नाव आणि यूटीआर एचएमआरसीकडे पडताळतो. जुळलं तर 20 टक्के कापतो, नाही जुळलं तर 30, मग तुम्ही नोंदणी केलेली असली तरी. म्हणून नोंदणीत जे नाव दिलंत तेच अक्षरन् अक्षर त्याला द्या. कपात मजुरीवर असते, मालावर नाही, तेव्हा बिलात दोन्ही वेगळे दाखवा आणि मालाच्या पावत्या जपा. 1,000 पौंडांच्या बिलात 300 चा माल असेल तर 20 टक्क्यांनी 140 जातात, 30 टक्क्यांनी 210. जादा गेलेले बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर हिशेबात धरले जातात. पण तोवर घरभाडं कशातून द्यायचं?

कपातीचं स्टेटमेंट दर महिन्याला मागून घ्या. करमहिना 5 तारखेला संपतो, त्यापुढच्या 14 दिवसांत ते देणं कॉन्ट्रॅक्टरला बंधनकारक आहे. ऑनलाइन रिटर्नची मुदत 31 जानेवारी.

काम नौदलाच्या गोदीत असेल तर ते नेमकं कशावर आहे ते विचारा. धक्क्याचं काँक्रीट सीआयएसमध्ये येतं, जहाजाची दुरुस्ती बांधकामात मोडत नाही. तळावरच्या पासासाठी ओळखीची कागदपत्रं लवकर द्या, तपासणीला वेळ लागतो. सीएससीएस कार्ड (बांधकाम कामगाराचं कौशल्य आणि सुरक्षेचं ओळखपत्र) आणि पब्लिक लायबिलिटी विमा (तुमच्या कामामुळे इतरांचं नुकसान झालं तर त्याचा) बहुतेक साइटवर मागतातच. आणि जुन्या इमारतीत भिंत फोडायची असेल तर ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे आधी बघायला मागा. ब्रिटनमध्ये या घातक पदार्थावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, त्याआधीच्या इमारतीत तो असू शकतो.